फाट खरी आणि फाट नावाची

‘स्किझाइन’ म्हणजे फाडणे, चिरणे, दुभंगवणे. ग्रीक क्रियापद. विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून गुरांच्या दवाखान्यांपर्यंत ते कागदोपत्री वावरतं, फक्त ओळखू येत नाही. पण ज्या ज्या नावात ही ‘फाट’ आहे, तिथे काही फाटलेलं असतंच असं नाही.

गडचिरोलीच्या हिवतापात ती खरी आहे. रक्ताच्या काचपट्टीवर दिसणारा ‘शायझॉन्ट’ म्हणजे फुटायच्या बेतात आलेला परजीवी. लाल पेशीत शिरून तो वाढतो, आत त्याचं केंद्रक पुन्हापुन्हा विभागतं आणि शेवटी एकाचे डझन-दीड डझन होऊन ते पेशी फोडून बाहेर पडतात. लाव्हरान या फ्रेंच डॉक्टरने १८८० मध्ये अल्जेरियात हा जीव प्रथम पाहिला. पाच-सहा वर्षांत इटलीच्या गोल्जीने दाखवलं की थंडी वाजून ताप भरतो तो नेमका या फुटण्याच्या वेळी. व्हायव्हॅक्स या हिवतापाच्या जातीचा फेरा ४८ तासांचा, म्हणून ताप एक दिवसाआड.

धन्याचंही तसंच. वनस्पतिशास्त्रात त्या फळाला ‘शायझोकार्प’ म्हणतात, कारण ते वाळलं की दोन फाका होतात. सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरणारे आधी धने रगडून घेतात ते याचसाठी. शास्त्राचं नाव त्यांना कधी लागलं नाही.

आता नावापुरत्या फाटी. बिलहार्झने १८५१ मध्ये कैरोत माणसाच्या रक्तवाहिन्यांत एक चपटा कृमी शोधला. पुढे १८५८ मध्ये वाइनलँडने त्याला ‘शिस्टोसोमा’ म्हटलं, म्हणजे चिरलेल्या अंगाचा. त्याचेच भाऊबंद आपल्याकडे बोडी-तलावात उतरणाऱ्या गुरांना, गोगलगायीमार्फत, गाठतात. पण नराचं अंग चिरलेलं नसतं. कडा आत वळून पन्हळ झालेली असते आणि तीत मादी राहते.

दुभंगलेल्या ओठाचं, टाळूचं याहून उलट. वैद्यकीय नावांत ‘स्किसिस’ आहे, गावात ‘ग्रहणात विळी धरली’ असं आईलाच ऐकावं लागतं. दोन्हींतून वाटतं, कुणीतरी चिरलं. प्रत्यक्षात गर्भाचा चेहरा वेगवेगळ्या भागांतून येऊन जुळतो आणि ही जुळणी पहिल्या तीनेक महिन्यांतच उरकते. इथे ती अपुरी राहिली एवढंच. ग्रहणाशी काडीचा संबंध नाही, आणि शस्त्रक्रियेने ते नीट होतं.

सर्वांत महाग पडलेलं नाव स्किझोफ्रेनियाचं. जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन या आजाराला ‘अकाली बुद्धिभ्रंश’ म्हणायचा. झुरिचच्या ऑयगेन ब्लॉयलरला ते पटेना, कारण काही रुग्ण सुधारताना त्याने पाहिले होते. १९०८ मध्ये बर्लिनला त्याने नवं नाव मांडलं. मनाची फाट म्हणजे त्याच्या लेखी विचार, भावना, इच्छा यांच्यातली सुटलेली गाठ. लोकांनी मात्र ‘एका देहात दोन माणसं’ असा अर्थ घेतला. मराठीतल्या ‘छिन्नमनस्कता’ आणि ‘दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व’ यांनी तो पक्का केला, असं माझं मत. आधीच ‘बाहेरचं लागलं’ म्हणून मांत्रिकाकडे नेणाऱ्या घराला अंगात दुसरं कुणी असल्याची ही जणू पावतीच मिळते. कानात आवाज येणं, संशय घेणं, गप्प होत जाणं ही खरी लक्षणं बाजूला राहतात आणि औषध उशिरा सुरू होतं.

जपानने २००२ मध्ये ‘मन फाटण्याचा आजार’ हे जुनं नाव सोडून ‘सुसूत्रता बिघडण्याचा विकार’ अशा अर्थाचं नाव घेतलं. त्यानंतर तिथले डॉक्टर रुग्णाला आजाराचं नाव पूर्वीपेक्षा मोकळेपणाने सांगू लागले.