बेल्सेनचा पहिला घास: एका वादग्रस्त निर्णयाची पार्श्वभूमी

15 एप्रिल 1945 रोजी ब्रिटिश सैन्य उत्तर जर्मनीतल्या बर्गन-बेल्सेन या नाझी छळछावणीत शिरले तेव्हा तिथे सुमारे 60 हजार कैदी होते. त्यांतले बहुसंख्य ज्यू होते. त्यापुढच्या दोन-अडीच महिन्यांत त्यांतले 13 हजारांहून अधिक दगावले. या मृत्यूंचा विषय निघाला की एकच गोष्ट सांगितली जाते: सैनिकांनी दयेपोटी आपले जड अन्न वाटले आणि भुकेल्या माणसांना ते बाधले. गोष्ट खरी आहे, पण अपुरी आहे. अन्नाच्या प्रकाराइतकेच, कदाचित त्याहून जास्त, ते कोणापर्यंत पोहोचले आणि कोणापर्यंत नाही, यावर मरण अवलंबून होते.

बेल्सेनमध्ये गॅसकोठड्या नव्हत्या. युद्धकैद्यांच्या या जुन्या तळाचा एक भाग 1943 मध्ये ज्यू कैद्यांसाठी वेगळा काढला गेला. परदेशात अडकलेल्या जर्मनांच्या बदल्यात सोडता येतील अशा ज्यूंना तिथे ठेवायचे, असा हेतू होता. पुढे पूर्वेकडून रशियन फौजा सरकू लागल्या. जानेवारी 1945 मध्ये पोलंडमधली ऑशविट्झ छावणी रिकामी करताना 55 हजारांहून अधिक कैद्यांना बर्फातून पायी हाकलले गेले, आणि त्यांतून वाचलेल्यांना उघड्या मालडब्यांत कोंबून जर्मनीच्या आतल्या छावण्यांत धाडले गेले. त्यांतल्या अनेकांचा शेवटचा मुक्काम बेल्सेन ठरला. डिसेंबर 1944 च्या सुरुवातीला तिथे सुमारे 15 हजार कैदी होते, मार्चच्या सुरुवातीला 41 हजारांवर. एकट्या मार्चमध्ये 18 हजारांवर मेले. उवांमधून पसरणारा टायफस बराकीबराकींत होता. एप्रिलमध्ये वीज गेली, पंप बंद पडले, आणि पाण्याबरोबर स्वयंपाकही थांबला. शेवटचे काही दिवस भाकरी नव्हतीच. सलगमाचे पातळ पाणी मिळाले तर मिळाले.

पाण्याच्या गाड्या आणि पहिले जेवण 16 एप्रिलला पोहोचले. सैनिकांच्या शिध्यातले डबाबंद मांस आणि भाजी, चरबीसकट. पुढे काय झाले ते आज नेमके सांगता येते. महिनोन्‌महिने उपाशी राहिलेले शरीर स्वतःचे स्नायू जाळते. पेशींमधला फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचा साठा आटतो, पण रक्तातले प्रमाण बरेचदा ठीकच दिसते. अशा माणसाच्या पोटात एकदम पिष्टमय अन्न गेले की इन्शुलिन उसळते आणि रक्तात उरलेसुरले फॉस्फेट पेशींत ओढले जाते. हृदयाचा ठोका बिघडतो, श्वासाचे स्नायू थकतात. थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) कमी असेल तर मेंदूवरही आघात होतो. शिवाय आतड्याचे अस्तर झिजलेले असते. चरबी पचत नाही, जुलाब सुरू होतात आणि आधीच सुकलेले शरीर आणखी पाणी गमावते. अशा खाण्याने सुमारे 2 हजार जण गेले, असा अंदाज वारंवार दिला जातो. टायफस, जुलाब आणि उपासमार एकाच देहात असताना हा आकडा इतक्या ठामपणे वेगळा काढता येत नाही.

त्यानंतर आले ते थेट आपल्याकडच्या दुष्काळातून. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेले मिश्रण: साय काढलेल्या दुधाची भुकटी, पीठ, साखर, मीठ आणि पाणी. म्हणजे गोड, पातळ लापशी. कागदावर ते योग्यच होते. पण पोलंड-हंगेरीकडच्या जिभेला काळी, आंबूस भाकरी हवी होती. ती गोड लापशी अनेकांना गिळवेना, तोंडात घेताच मळमळायचे. दुसरा उपाय होता आधीच पचवलेल्या प्रथिनांचा द्रव, तोंडाने किंवा शिरेतून. चवीला तो घाणेरडा. आणि शिरेतून द्यायचा तर सुई दिसताच रुग्ण किंचाळत. ऑशविट्झमध्ये कैद्यांना फिनॉलची सुई टोचून मारले जात असे, हे तिथून आलेल्यांना ठाऊक होते. तपासणीसाठी आलेल्या डॉक्टरांचा निष्कर्ष अखेर साधा निघाला: थोडे थोडे दूध, वारंवार, आणि ते भरवायला माणूस.

तो माणूसच नव्हता. शेकडो जणांच्या बराकीत अन्नाचे पिंप दाराशी ठेवले जाई. चालता येणारे दोनदोनदा घेत, आणि फळीवर किंवा जमिनीवर पडलेल्याला काहीच मिळत नसे. त्यामुळे एकाच दाराशी एक जण जास्त खाऊन आजारी पडे आणि दुसरा उपाशी मरे. शिध्याचे गणित टनांत बसत होते, पण चमचा तोंडाशी नेणारा हात त्या हिशेबात धरलेलाच नव्हता. मेच्या सुरुवातीला लंडनमधले सुमारे 100 वैद्यकीय विद्यार्थी आले आणि त्यांच्याकडे बराकी वाटून दिल्या. त्यांचे काम बहुतांश डॉक्टरी नव्हतेच: मैला-घाण उपसणे, अन्नाच्या पिंपापाशी उभे राहणे, पडलेल्यांची मोजणी करणे, बिछान्यापर्यंत वाटी नेणे. एप्रिलमध्ये दिवसाला 500 च्या आसपास मरत होते. मेच्या मध्यापर्यंत हा आकडा 100 च्या खाली आला. उवा मारणारी डीडीटीची पावडर, तबेल्यात उभारलेली अंघोळीची सोय आणि जवळच्या लष्करी इमारतींत हलवलेली रुग्णशय्या यांचाही त्यात वाटा होता. विद्यार्थी दोन आठवडे आधी आले असते तर, हा प्रश्न मला लापशीच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो.

भुकेचे शास्त्र तेव्हा अगदीच कोरे नव्हते. वॉर्सा घेट्टोतल्या, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतल्या, ज्यू डॉक्टरांनी 1942 मध्ये स्वतः उपाशी असताना रुग्णांच्या नोंदी ठेवल्या होत्या. ते लिखाण लपवून बाहेर काढले गेले आणि 1946 मध्ये छापले गेले. म्हणजे बेल्सेनला त्याचा उपयोग झाला नाही. अमेरिकेत मिनेसोटामध्ये 36 स्वयंसेवकांवर उपासमारीचा प्रयोग चालू होता, पण तो 1945 च्या अखेरीस संपला. फॉस्फेटचा धोका डॉक्टरांच्या नीट लक्षात आला तो त्यानंतर काही दशकांनी, शिरेतून संपूर्ण आहार देऊ लागल्यावर.

ब्रिटनच्या 2006 मधल्या वैद्यकीय मार्गदर्शनानुसार अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त 10 किलोकॅलरींपासून सुरुवात करायची, आणि अगदी खंगलेल्याला 5 पासून. पहिल्या घासाआधी थायमिन द्यायचे, रक्त रोज तपासायचे. बेल्सेनमधल्या 35 किलोच्या माणसासाठी 5 चा हिशेब होतो दिवसाला 175 किलोकॅलरी, म्हणजे सुमारे 70 ग्रॅम पाव.