बाभळीचे चाक आणि उन्हाळ्यात ढिली पडणारी धाव

दुपारी गुरे जिच्या सावलीत रवंथ करतात, त्याच बाभळीचे लाकूड बैलगाडीच्या चाकाला लागे. बांधावर सावली नको असेल तर रामकाठी बाभूळ बरी, ती खराट्यासारखी उभी वाढते. चाकाला मात्र पसरट डेऱ्याची, वाकड्या फांद्यांची बाभूळ हवी.

सागाला वाळवी लागत नाही हे खरे, पण दगडधोंड्यांचे दणके सोसण्यात बाभूळ सरस. वाळलेल्या बाभळीचे घनमीटरला वजन 800 किलोच्या आसपास भरते, सागाचे साधारण 650.

ओंडके आधी काही महिने पाण्यात बुडवून ठेवत. सालीलगतच्या पांढरट लाकडात पिष्ट असते आणि भुंगेरे त्यासाठीच ते पोखरतात. भिजवल्याने पिष्ट कमी होते. ही पायरी गाळली की चाकातून पिठासारखा भुसा गळू लागतो. आतला तांबूस गाभा सहसा किडत नाही.

तुंबा, म्हणजे चाकाचा मधला ठोकळा, बुंध्याचा. तिथले तंतू एकमेकांत पिळलेले असतात, म्हणून आऱ्यांसाठी, म्हणजे तुंब्यापासून परिघापर्यंतच्या दांड्यांसाठी, 12 खोबणी पाडल्या तरी तो चिरत नाही. आरे खडखडीत वाळलेलेच हवेत. ओले ठोकले तर पुढे आक्रसून खोबणीत खुळखुळतात. परिघाचे 6 पुठ्ठे, म्हणजे लाकडाचे कमानदार तुकडे, वाकड्या फांदीतूनच काढायचे. सरळ फळीतून कमान कापली की तंतू तुटतात आणि पुठ्ठा टोकाशी फुटतो.

मग धाव, म्हणजे चाकाच्या परिघावर चढवायची लोखंडी पट्टी. 5 फुटी चाकाचा परिघ 4.8 मीटर. लोहार लोखंडी धाव त्याहून अर्धा-पाऊण इंच आखूड ठेवतो आणि गोवऱ्यांच्या जाळात तापवतो. तापमान 450 अंश सेल्सिअसने वाढले की ती सुमारे 26 मिलीमीटर लांबते. चाकावर बसवून लगेच पाणी ओतले की आकसून सगळे सांधे आवळते. मात्र दोन पुठ्ठ्यांच्या टोकांमध्ये आधी थोडी फट ठेवावी लागते. टोके भिडलेली असली तर धाव आवळायला वावच उरत नाही.

चैत्रात धाव ढिली पडते ती लोखंडामुळे नव्हे. लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ आटत नाही, आडवे आटते. 100 मिलीमीटर उंचीचा पुठ्ठा 3 टक्के आटला तर चाकाचा व्यास 6 आणि परिघ जवळपास 19 मिलीमीटरने घटतो. लोहाराने कमावलेले सगळे त्यात जाते! चाक रात्रभर ओढ्यात ठेवले की लाकूड फुगून धाव घट्ट होते, पण आठवडाभराच्या उन्हात पुन्हा तेच. दर वर्षी असे होऊ लागले की धाव कापून, जोडून पुन्हा चढवण्यावाचून गत्यंतर नसते.