पाकिस्तानात बाहेर जेवताना : 'वन डिश'ची पार्श्वभूमी

लाहोरमध्ये मंगळवारी उतरलेल्या प्रवाशाला खाटकांची दुकानं बंद दिसतात आणि हॉटेलवाला आपणहून म्हणतो, "आज चिकन घ्या." रमजानात भर दुपारी रेल्वे स्टेशनच्या आत जेवण मिळतं, पण स्टेशनसमोरच्या रस्त्यावर मिळत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये रात्री दहाला यजमानाच्या आधी मॅनेजरलाच घाई झालेली असते. पाकिस्तानी खाण्याविषयी लिहिताना बहुतेक जण मुघल खानसाम्यांपासून सुरुवात करतात. पण या तिन्ही कोड्यांची उत्तरं खानसाम्यांकडे नाहीत, ती गेल्या काही दशकांतल्या सरकारी हुकमांत आहेत. लग्नात एकच डिश वाढू देणारा पाकिस्तानी पंजाबातला 'वन डिश'चा नियम हा त्यांतलाच एक.

आधी एक शब्द. 'हॉटेल' म्हटलं की तिथेही आपल्यासारखंच राहण्याची जागा डोळ्यांपुढे येत नाही. चहाची टपरीसुद्धा हॉटेलच. कराचीत 'क्वेट्टा हॉटेल' अशी पाटी चौकाचौकात दिसते. ही बहुतेक पश्तून मालकांची, दूधपत्ती (दुधातच उकळलेला चहा) आणि पराठा रात्री उशिरापर्यंत देणारी, फुटपाथवर खुर्च्या मांडलेली. मोठ्या हॉटेलांत 'फॅमिली हॉल' वेगळा असतो. महामार्गावरच्या 'फॅमिली रूम'ची पाटी वाचत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला त्याचा अर्थ सांगायला नको.

फाळणीपूर्व इतिहास इथे चार ओळींत उरकतो. सिंध 1936पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे कराचीतल्या सदर भागातली इराणी हॉटेलं आणि आपली इराणी हॉटेलं एकाच गोतावळ्यातली. फाळणीनंतरच्या दहा वर्षांच्या आतच कराचीची वस्ती चार लाखांच्या आसपासून दहा लाखांपलीकडे गेली. दिल्लीहून आलेल्यांनी बर्न्स रोडवर निहारीच्या, म्हणजे रात्रभर शिजवलेल्या मांसाच्या रश्शाच्या, देगा (मोठे हंडे) चढवल्या. मुंबई आणि काठियावाडातून गेलेल्या मेमन, बोहरी, खोजा कुटुंबांबरोबर बिर्याणीचे त्यांचे प्रकार गेले. आजही पाकिस्तानातल्या किराणा दुकानात मसाल्याच्या डब्यावर 'बॉम्बे बिर्याणी' असं छापलेलं असतं आणि त्या बिर्याणीत बटाटा आणि आलुबुखारा असतो. मुंबईत त्या नावाने कुणी बिर्याणी मागवत नाही, हे वेगळं. लाहोरच्या गवालमंडीत अमृतसरहून आलेली काश्मिरी घरं स्थिरावली आणि हिवाळ्यातला हरीसा (मांस आणि धान्य एकत्र घोटून केलेला पदार्थ) त्यांच्याबरोबर तिथे रुजला.

1971मध्ये देशाचा पूर्व भाग गेला आणि त्याबरोबर सिल्हेटचे चहाचे मळेही गेले. तेव्हापासून तिथल्या कपातला जवळजवळ सगळा चहा आयात होतो, आता मुख्यतः केनियातून. 2022च्या जूनमध्ये परकीय चलनाची चणचण असताना एका केंद्रीय मंत्र्याने लोकांना रोजचे एक-दोन कप कमी करायला सांगितलं आणि त्यावर देशभर चेष्टा झाली. मंत्र्याचं गणित चुकलेलं नव्हतं. फक्त ज्या देशात पाहुण्याला चहा न विचारणं हा अपमान समजतात तिथे ते मांडायला नको होतं.

बाहेर जेवण्याचा आजचा साचा 1977पासून घडू लागला. त्या वर्षी एप्रिलमध्ये, निवडणुकीनंतरच्या आंदोलनाने घेरलेल्या पंतप्रधानांनी धार्मिक पक्षांना शांत करण्यासाठी दारूबंदी जाहीर केली आणि साप्ताहिक सुट्टी रविवारवरून शुक्रवारवर नेली. त्यांची खुर्ची जुलैतच गेली, निर्णय मात्र राहिले. 1979मध्ये लष्करी राजवटीने दारूबंदीला हुदूद कायद्याची, म्हणजे धर्मशास्त्रातल्या शिक्षांची, धार दिली. मुस्लिमेतरांना आणि परदेशी पाहुण्यांना परवान्याची वाट ठेवली गेली. ब्रिटिश काळात, 1860मध्ये सुरू झालेली एक ब्रुअरी रावळपिंडीत अजून चालू आहे, यात तिथल्या कुणाला विसंगती वाटत नाही. कराचीतले बार आणि नाइटक्लब मात्र संपले. संध्याकाळी घराबाहेर पडायचं तर उरलं एकच निमित्त : जेवण. पाकिस्तानी शहरांत रात्री बारा वाजता आजी, नातवंडं, सुना असं सगळं कुटुंब कढाईभोवती बसलेलं दिसतं. त्यामागे हौस आहेच, पण दुसरे दरवाजे बंद झाल्याचाही त्यात वाटा आहे, असं मला वाटतं.

1981च्या रमजान अध्यादेशाने उपवासाच्या वेळेत सार्वजनिक ठिकाणी खाणंपिणं गुन्हा ठरवलं. सार्वजनिक जागेची व्याख्या हॉटेलपासून तंबू आणि पुलापर्यंत पसरलेली. सूट मिळाली ती इस्पितळांना, रेल्वे स्टेशनं, विमानतळ आणि बसस्थानकांना. प्रवाशाला रोज्यातून सवलत हे जुनं धार्मिक तत्त्वच. कायद्याने ते इमारतींना लावलं. दंड मूळचा पाचशे रुपये. 2017मध्ये हॉटेलांसाठी तो पंचवीस हजारांपर्यंत वाढवला. दुपारी पडदा ओढून धंदा करणारी हॉटेलं दरवर्षी असतात आणि दरवर्षी त्यांच्यावर छापे पडतात.

मंगळवार-बुधवारचा मांसबंदीचा नियम यापेक्षा साधा आहे. जनावरं पुरावीत, भाव आटोक्यात राहावेत म्हणून आठवड्यातून दोन दिवस गाय-म्हैस आणि शेळी-मेंढी कापायची नाही. 1965मध्ये आपल्याकडे सोमवारी रात्री हॉटेलं बंद ठेवल्याचं ज्यांना आठवतं त्यांना हे परकं वाटू नये. कोंबडी या नियमात नाही. 1960च्या दशकात व्यापारी कुक्कुटपालन सुरू होईपर्यंत कोंबडी हे सणाचं, महाग जेवण होतं. नंतर ती इतकी स्वस्त झाली की पाहुण्याला चिकन वाढणं म्हणजे हात आखडणं ठरलं.

आता 'वन डिश'.

1997च्या फेब्रुवारीत मोठं बहुमत घेऊन आलेल्या सरकारने पहिल्याच दिवसांत दोन निर्णय केले. साप्ताहिक सुट्टी पुन्हा रविवारी आणली आणि लग्नात जेवण वाढायला बंदी घातली. हॉटेल, क्लब, लग्नाचा हॉल, मैदान, कुठेही वऱ्हाडाला द्यायची ती फक्त गरम किंवा थंड पेयं. घरातल्या माणसांना आणि घरी उतरलेल्या पाहुण्यांना जेवू घालायला मोकळीक. कारण सांगितलं गेलं ते उधळपट्टीचं : मुलीच्या बापाला मेहंदी, बारात अशा एकामागून एक पंगती उठवाव्या लागतात आणि तो कर्जात बुडतो. कारण खरंच होतं. मुलीचं लग्न म्हणजे काय, हे आपल्याकडे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पण या नियमाचा घाव पडला कुठे? पैसेवाल्यांनी शामियाना, फुलं, दागिने यांतलं काहीच कमी केलं नाही. त्यांच्या जेवणावळी बंगल्याच्या फाटकाआड गेल्या, कारण तिथे येणारा प्रत्येक जण 'घरी उतरलेला पाहुणा' होऊ शकत होता. मध्यमवर्गीय वऱ्हाड हॉलमध्ये शीतपेयाची बाटली हातात धरून बसलं. 'गरम पेय' या शब्दात चिकन कॉर्न सूप बसवणारेही निघाले. मार बसला तो पकवान सेंटरवाल्यांना. देगेवर पोट असलेले हे आचारी, त्यांचे वाढपी, भांडी भाड्याने देणारे, यांचा हंगामच लग्नसराईचा. त्यांची बाजू तेव्हाच्या चर्चेत फार कमी ऐकू आली आणि आजही या कायद्याचं कौतुक करणारे तिच्याकडे वळत नाहीत.

सरकार 1999मध्ये लष्कराने उलथवलं. नव्या राजवटीने 2000मध्ये बंदी पुन्हा कायदा करून चालू ठेवली. मग 2003मध्ये पंजाब प्रांताने स्वतःचा कायदा करून मधली वाट काढली : जेवण द्या, पण एकच डिश. 2004मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वाट बंद केली. 2006मध्ये केंद्रीय कायद्यातच दुरुस्ती झाली आणि 'एक डिश' परत आली. पुढे विषय प्रांतांकडे गेला आणि पंजाबने 2016मध्ये नवा कायदा केला. त्यात एक डिश आणि रात्री दहाची मर्यादा दोन्ही आहेत.

गुंता त्या 'एक'मध्ये आहे. कायद्याच्या हिशेबाने एक डिश म्हणजे एक सालन (रश्शाचा मुख्य पदार्थ), त्याबरोबर भात, रोटी किंवा नान, सॅलड, एक गोड पदार्थ, गरम आणि थंड पेयं. आपल्या भाषेत हे भरलेलं ताट झालं; तिथे ती 'एक डिश'. मोजणी फक्त सालनाची. मग प्रश्न सुरू होतात. भाताच्या जागी चिकन बिर्याणी आली तर ती भात की दुसरं सालन? सालनाशेजारी सीख कबाब ठेवला तर? गाजर हलवा आणि कुल्फी दोन्ही असतील तर एक कुणी उचलायचं? तपासायला आलेला अधिकारी आणि हॉलचा मॅनेजर यांच्यात देगेचं झाकण उघडून असे वाद झडतात आणि पंजाबातल्या वर्तमानपत्रांना लग्नसराईत त्यातून बातम्या मिळतात. माझ्या मते 1997ची सरसकट बंदी अन्यायाची होती आणि 2016ची मर्यादा बरीचशी शहाणपणाची आहे. रात्री दहाला घरी परतणारा आणि एकाच सालनाचा खर्च भरणारा मुलीचा बाप तिच्याविरुद्ध तक्रार करताना मी वाचलेला नाही. कराचीत मात्र हा नियम पंजाबइतका कधी जाणवला नाही. तिथलं लग्न अजून मध्यरात्रीकडे झुकतं.

प्रवाशाचा याच्याशी संबंध दोन ठिकाणी येतो. एक, ओळखीपाळखीवर लग्नाचं आमंत्रण मिळालं तर, आणि पाकिस्तानात ते लवकर मिळतं. पंजाबात अशा वेळी नऊच्या आत ताट हातात पडलं तर घ्यावं, नंतर घाईत वाढतात. दुसरा संबंध रेस्टॉरंटांच्या बुफेचा. कायदा लग्नाला लागू आहे, वाढदिवसाला किंवा नुसत्या भुकेला नाही. लाहोर, इस्लामाबाद, कराचीत संध्याकाळच्या 'हाय-टी'च्या जाहिरातीत पदार्थांचा आकडा ठळक छापलेला असतो, शंभराच्या पुढेसुद्धा. लग्नात जे मोजून मिळतं ते इथे डोकी मोजून, कर भरून, मनसोक्त मिळतं. रमजानात हाच बुफे इफ्तारचा आणि पहाटे सेहरीचा होतो.

1993मध्ये पिझ्झाची पहिली अमेरिकी साखळी आली, 1998मध्ये लाहोरात बर्गरची. त्यांना उत्तर म्हणून नव्हे, पण त्याच सुमारास शहरांनी आपलं जुनं खाणं सजवून दाखवायला घेतलं. 2000च्या आसपास गवालमंडीत संध्याकाळी मोटारी बंद करून फूड स्ट्रीट झाली, लाकडी सज्जे रंगवले गेले. राज्यकर्ते बदलले तसं तिचं नशीबही पालटलं. मधली काही वर्षं ती बंदच होती. 2012मध्ये किल्ल्यालगतच्या फोर्ट रोडवर दुसरी झाली. तिच्या गच्च्यांवरून बादशाही मशीद समोर दिसते आणि पैसे मुख्यतः त्या दृश्याचे घेतात. खाणं खायचं तर लक्ष्मी चौक बरा. नाव अजून लक्ष्मीचंच, आणि तव्यावर दोन पात्यांचा टकाटक आवाज रात्रभर. कराचीच्या बर्न्स रोडवर 2021च्या जानेवारीत संध्याकाळची वाहनबंदी आली.

पेशावरच्या नमक मंडीपर्यंत ही सजावट पोचली नाही, हे तिचं भाग्य. तिथे मेन्यू नसतो. समोर टांगलेल्या मांसातून किलोच्या हिशेबाने निवडायचं, दुंब्याच्या (जाड शेपटीच्या मेंढ्याच्या) चरबीत मीठ आणि टोमॅटो घालून त्याची कढाई होते, आणि होईपर्यंत पाऊण तास थांबायचं. नंतर हिरवा कहवा. 2019मध्ये ऑनलाइन व्हिसा सुरू झाल्यावर परदेशी व्हिडिओवाल्यांनी ही गल्ली जगाला दाखवली. भारतीय पासपोर्टवर तिथे जेवायला जाणं अजूनही जवळजवळ अशक्यच. दुबई-लंडनमधल्या मराठी माणसाला त्या कढाईची ओळख होते ती तिथल्या पाकिस्तानी हॉटेलांत.

अलीकडचे हुकूम वीज, महागाई आणि हवेपायी निघाले. 2023च्या जानेवारीत वीज वाचवण्यासाठी देशभर बाजार साडेआठला आणि लग्नाचे हॉल दहाला बंद करायचं ठरलं. 2024च्या एप्रिलमध्ये पंजाबने शंभर ग्रॅमच्या रोटीचा भाव सोळा रुपये ठरवून दिला. 'आधी पीठ स्वस्त करा' ही नानबाईंची (तंदूरवाल्यांची) तक्रार. त्याच वर्षी नोव्हेंबरात धुरक्याने लाहोर कोंडलं तेव्हा आधी उघड्यावरच्या शेगड्यांवर निर्बंध आले, मग बसून जेवायला दुपारी चारपर्यंतच मुभा राहिली. पार्सल रात्री आठपर्यंत मिळत होतं.