किमची : ‘दोन दिवस बाहेर ठेवा’ म्हणजे नेमकं कुठे?

किमची म्हणजे कोबी खारवून, मसाला भरून आंबवलेलं कोरियन लोणचं. तिच्या जवळजवळ प्रत्येक पाककृतीच्या शेवटी एक ओळ असते : ‘एक-दोन दिवस बाहेर ठेवा, मग फ्रिजमध्ये.’ कोरियन मालिका बघून हौसेने बरणी भरणाऱ्या आपल्याकडच्या माणसाचा घात करते ती हीच ओळ. कोरियात वर्षाची किमची घालायची ती नोव्हेंबरच्या अखेरीस, थंडी पडू लागली की. घरचे, नात्यातले, शेजारपाजारचे जमतात, कोबीचे ढीग चिरतात, खारवतात, मसाला भरतात. या खटाटोपाला किमजांग म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने दक्षिण कोरियाच्या किमजांगची नोंद मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली. त्या दिवसांत सोलमधल्या रात्री गोठणबिंदूच्या आसपासच्या असतात. आपला मे महिन्यातला ओटा ३५ अंशांवर. मिरची किती आणि लसूण किती यावर लोक हिरीरीने भांडतात, पण किमचीची चव त्याहून जास्त ठरते ती मीठ आणि तापमान या दोन गोष्टींवर.

आधी मीठ. किमचीचा कोबी लांबोडका, फिकट पानांचा. शहरांतल्या भाजीवाल्यांकडे ‘चायनीज कोबी’ म्हणून मिळतो. तो उभा चिरून मिठाच्या पाण्यात बुडवतात (लिटरभर पाण्याला साधारण १०० ग्रॅम मीठ), किंवा पानापानांत जाडं मीठ चोळतात. बाहेर मीठ जास्त, पेशीच्या आत कमी, म्हणून पेशीतलं पाणी बाहेर निघतं. शाळेत मनुका पाण्यात टाकून शिकवलेलं परासरण ते हेच, फक्त उलट दिशेने. सहा-आठ तासांनी एक पान उचलायचं आणि त्याचा जाड पांढरा देठ वाकवून बघायचा. कट्टकन मोडला तर अजून वेळ आहे. न मोडता दुमडला गेला तर खारवणं पुरं झालं. देठाचा ताठा पेशींत कोंडलेल्या पाण्याच्या दाबामुळे असतो. तो दाब उतरला की देठ वळतो. मग कोबी दोन-तीनदा धुऊन निथळत ठेवायचा. शेवटी किमचीत २ ते ३ टक्क्यांच्या आसपास मीठ राहिलं पाहिजे.

या आकड्यात खरी मेख आहे. भाजी कुजवणाऱ्या बऱ्याच जिवाणूंना एवढं मीठ सोसत नाही, लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्यांना मात्र ते चालतं. शिवाय पेशींतून पाझरलेल्या रसात साखर असते, ती त्यांना आयती मिळते. मीठ चमच्याने मोजू नका, वजन करा. बारीक मिठाचा चमचा जाड्या मिठाच्या चमच्यापेक्षा बराच जड भरतो. कोरियात यासाठी नैर्ऋत्येकडच्या सिनानच्या मिठागरांतलं उन्हात वाळवलेलं जाडं मीठ नावाजलेलं आहे. अशा मिठात थोडं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, आणि कॅल्शियम पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनचे धागे एकमेकांना बांधून ठेवतं, म्हणून कोबी कुरकुरीत राहायला मदत होते. आपलं खडे मीठ इथे छान चालतं.

आपला गड्डा कोबी चालेल का? चालेल, पण ती वेगळीच प्रजाती आहे : पानं जाड, वरून मेणचट, पाणी कमी. कोबी-मोहरीच्या या कुळाची वंशावळ १९३५ साली उलगडली ती वू जांग-चुन या शास्त्रज्ञाने. वडील कोरियन, आई जपानी, जन्म टोकियोचा. किमचीच्या कोबीची प्रजाती आणि काळी मोहरी यांच्या नैसर्गिक संकरातून पिवळसर-तपकिरी मोहरी जन्मली, हे त्यांनी गुणसूत्रांच्या हिशेबाने दाखवलं. भारतात राई म्हणून पिकते ती ही संकरित मोहरी, म्हणजे फोडणीतल्या राईचं किमचीशी चक्क रक्ताचं नातं आहे! वू १९५० साली कोरियात गेले आणि १९५९ मध्ये निधन होईपर्यंत तिथल्या कोबी-मुळ्याची बियाणी सुधारण्यात रमले.

मसाल्याचं लवकर सांगतो. चिकट तांदळाच्या पिठाची पातळ पेज करायची. ती मसाला पानाला धरून ठेवते आणि जिवाणूंनाही खाऊ पुरवते. मिरची भरड, रंगाला भडक पण तिखटपणाला बेताची. रंग येतो कॅप्सँथिनमुळे, जाळ कॅप्सायसिनमुळे. दोन्ही वेगळी रसायनं, त्यामुळे लाल म्हणजे तिखट असं काही नसतं. कोरियन मिरची मिळाली नाही तर ब्याडगी बिया काढून भरड कुटा, काम भागतं. मिरची मूळची अमेरिका खंडांकडची. पोर्तुगीज जहाजांबरोबर गोव्यात आली आणि कोरियात तिची लेखी नोंद सापडते १६१४ ची. त्याआधीची किमची लाल नव्हतीच.

त्यात लसूण, आलं, मुळ्याचे कीस, पातीचा कांदा आणि खारवून आंबवलेले बारीक कोळंबीसारखे जीव किंवा मासळीचा अर्क. मासळीतली प्रथिनं तुटून ग्लुटामेट मोकळं होतं आणि चवीला भरीवपणा येतो. शाकाहारी घरांनी लगेच नाक मुरडू नये. कोरियातल्या बौद्ध मठांतली किमची मासळीविना तर असतेच, शिवाय तिच्यात कांदा-लसूणही नसतो. भरीवपणासाठी तिथे सोयासॉस, केल्प हे समुद्री शेवाळ, वाळवलेली अळिंबी वापरतात. म्हणजे चातुर्मासात चालेल अशी किमचीही आहे.

आता बरणीतली उलाढाल. आपण बाहेरून विरजण घालत नाही. जिवाणू येतात ते प्रामुख्याने कोबी आणि लसूण-आल्यासारख्या कच्च्या जिनसांवरून. सुरुवातीला सरशी असते ल्युकोनोस्टॉक गटाची. यातल्या ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिसशी आपली जुनी ओळख आहे : इडलीचं पीठ रात्रीतून वर येतं त्यात याचा मोठा वाटा. तो साखरेपासून नुसतं आम्ल करत नाही, कार्बन डायऑक्साइडही सोडतो. चांगल्या किमचीच्या रसाला जिभेवर हलकी सोड्यासारखी चुरचुर असते, ती या वायूची. फ्रुक्टोजपासून तो मॅनिटॉल बनवतो, त्याची थंडगार गोडी आंबटपणाच्या मागून हळूच येते. पुढे आम्ल वाढतं तसा याचा जोर ओसरतो आणि आम्लाला जास्त चिवट असलेले वाइसेला आणि लॅक्टोबॅसिलस कुळातले जिवाणू ताबा घेतात. त्यांतले काही जवळपास फक्त लॅक्टिक आम्लच करतात. चव सपाट आंबट होत जाते.

तापमान ठरवतं ते इथे. ल्युकोनोस्टॉक थंडीतही बऱ्यापैकी वाढतो. ५ अंशांवर त्याला आठवडेच्या आठवडे मिळतात, चुरचुर आणि गोडी साठायला सवड मिळते. ३० अंशांवर मात्र आम्लखोर मंडळी त्याला मागे टाकून झपाट्याने पुढे जातात. किमची बिघडत नाही, खाण्याजोगी असते. पण आंबटाखेरीज तिच्यात काही उरत नाही. ‘आमची किमची हॉटेलसारखी का होत नाही?’ याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं. साधारण ४.२ ते ४.५ सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) असताना किमची ऐन बहरात असते. सामू ४.६ च्या खाली उतरला की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणूही वाढू शकत नाहीत, म्हणून आंबलेली किमची सुरक्षित.

जुने कोरियन हे सामू न मोजता साधत होते. ओंगी नावाचे मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचे. वर बर्फ असला तरी खाली माती फारशी गोठत नाही आणि दिवस-रात्रीचा चढउतारही पोचत नाही. शिवाय भाजलेल्या मातीला अतिसूक्ष्म छिद्रं असतात, जास्तीचा वायू त्यातून हळूहळू निसटतो. पुढे लोक इमारतींत राहायला गेले, रांजण पुरायला अंगण उरलं नाही. १९९५ मध्ये ‘डिमचे’ नावाचा खास किमचीचा फ्रिज बाजारात आला आणि असे फ्रिज घराघरांत पोचले. साध्या फ्रिजमध्ये थंड हवा खेळवतात; यात कप्प्याच्या भिंतीच थंड करतात, त्यामुळे तापमान शून्याच्या आसपास जवळपास स्थिर राहतं. मातीखालच्या रांजणाची ही विजेवर चालणारी नक्कल, आणि मला विचाराल तर स्वयंपाकघरातल्या यंत्रांमध्ये इतकं सूक्ष्मजीवशास्त्र कळलेलं दुसरं यंत्र क्वचितच सापडेल.

मग आपण काय करायचं? माझं मत : उन्हाळ्यात बाहेर ठेवूच नका. बरणी भरा, किमची दाबून तिच्याच रसाखाली बुडवा, कारण वर राहिलेल्या पानांना हवा लागून बुरशी धरते, आणि सरळ फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवा. दोन-तीन आठवड्यांत येते. इतका धीर नसेल तर उकाड्यात एक रात्र, डिसेंबर-जानेवारीत एक-दीड दिवस बाहेर ठेवली तरी पुरे. बरणी काठोकाठ भरू नका, वायूला जागा लागते. काचेच्या बरणीचं झाकण घट्ट आवळून तिला विसरलात तर ती फुटूही शकते. रसावर पातळ पांढरा साय-पापुद्रा दिसला तर तो बहुधा यीस्टचा असतो, काढून टाका. हिरवी, काळी, केसाळ बुरशी दिसली तर सगळी बरणी टाका, हळहळू नका.

व्हिनेगर ओतून अर्ध्या तासात होणारी ‘इन्स्टंट किमची’ मी कोशिंबीर समजतो. चवीला वाईट नाही, पण तिच्यात वर सांगितलेलं काहीच घडलेलं नसतं. किमची सर्व रोगांवर औषध आहे असं सांगणाऱ्यांकडेही जरा जपूनच बघावं. तिच्यात जिवंत जिवाणू असतात हे खरं, तसं भरपूर मीठही असतं; रक्तदाब असेल तर वाटीभर नको, दोन फोडी घ्या.

फार आंबलेली किमची फेकायची मात्र नाही. कोरियात किमचीच्या रस्स्याला, म्हणजे किमची जिगेला, अशी मुरलेलीच लागते. ताजी घातली तर रस्सा फिका पडतो. आधी तेलात किंवा डुकराच्या मांसाच्या चरबीत ती चांगली परतून घ्या. मिरचीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही, त्यामुळे ही पायरी गाळली तर रश्शावर लाल तवंग येत नाही. कोबी कडेने पारदर्शक झाला की पाणी आणि बरणीतला उरलेला रस घाला. उकळताना जिवाणू मरतात, आम्ल तसंच राहतं आणि ते तेलकटपणा कापतं. जास्तच आंबट वाटला तर चिमूटभर साखर. टोफू शेवटच्या पाच मिनिटांत.