सोडा की पावडर?

केक करायचा म्हणून दुकानात गेलं की फळीवर दोन डबे शेजारी शेजारी दिसतात, बेकिंग सोडा आणि बेकिंग पावडर. दोन्हींत पांढरी भुकटी, नावंही जुळ्या भावंडांसारखी. घाईत माणूस हाताला येईल तो उचलतो. मीही उचलला होता. केक फुगला, रंगही छान आला, पण पहिल्याच घासाला साबण चाटल्यासारखं वाटलं.

डब्यामागची घटकांची यादी वाचली असती तर हे टळलं असतं. सोड्याच्या यादीत एकच नाव असतं, सोडियम बायकार्बोनेट. कधी नुसताच ५०० हा त्याचा खाद्यघटक-क्रमांक. पावडरच्या यादीत तोच सोडा, सोबत एखादं कोरडं आम्ल आणि बहुतेक वेळा स्टार्च.

सोड्याला काम करायला आम्ल लागतं. दही किंवा लिंबाचा रस भेटला की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात आणि पीठ हलकं होतं. माझ्या कृतीत आंबट काहीच नव्हतं. तरीही ओव्हनच्या उष्णतेनं सोड्याचं विघटन होऊन वायू सुटला, पण मागे उरलं सोडियम कार्बोनेट, म्हणजे चक्क धुण्याचा सोडा! त्या अल्कधर्मी मिश्रणात केक लवकर तपकिरी होतो, म्हणून रंग तेवढा झकास.

पावडरमध्ये आम्ल आधीच घातलेलं असतं. स्टार्च ओलावा शोषून घेतो, नाहीतर डब्यातच दोघांची गाठ पडायची. इंग्लंडच्या आल्फ्रेड बर्डनं १८४३ मध्ये अशी पावडर बनवली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नसे. पुढे अमेरिकेत एबेन हॉर्सफर्डनं १८५६ मध्ये कॅल्शियम फॉस्फेटवर आधारलेल्या आम्लाचं पेटंट घेतलं. हे आम्ल तेव्हा हाडांपासून काढत. त्याआधी वापरात असलेलं क्रीम ऑफ टार्टर हे आम्ल वाइनच्या पिंपांत साचणाऱ्या खड्यांपासून मिळे.

डब्यावर ‘डबल अ‍ॅक्टिंग’ लिहिलेलं असेल तर वायू दोन हप्त्यांत सुटतो, थोडा पीठ भिजताना आणि उरलेला ओव्हनमध्ये. मिश्रण भांड्यात जरा थांबलं तरी मग फारसं बिघडत नाही.

अडलंच तर एक चमचा पावडरीऐवजी पाव चमचा सोडा चालतो, पण आंबट काहीतरी हवंच. घरातला डबा जुना असेल तर चिमूटभर पावडर गरम पाण्यात टाकून बघावी. सोडा असेल तर व्हिनेगरमध्ये. माझ्या कपाटातल्या जुन्या पावडरीतून चारच बुडबुडे आले, तेही नाखुशीनं.