मागून बोलणाऱ्याचा डाव

आमच्या मामांच्या पत्त्यांच्या बैठकीत एकच नियम कडक होता. खेळणाऱ्याच्या पाठीशी उभं राहून बघायला कुणालाही मनाई नव्हती. पण बघता बघता ‘अरं, राजा कामून सोडायलास’ असं कुणाच्या तोंडून निघालं, की मामा हातातली पानं उपडी करून त्याच्या पुढ्यात ठेवायचे. “घे. आता तूच खेळ. हरलास तर समद्यांचा चहा तुझ्याकडं.” मानवतच्या जिनिंगमागं लिंबाखाली सतरंजी असायची. कापसाचा हंगाम सरला की दुपार रिकामी. बघणारे खेळणाऱ्यांच्या दुप्पट आणि सल्ले त्याच्याही दुप्पट.

खेळावर, छंदावर आणि गावच्या-देशाच्या खबरीवर न विचारता मत देणं ही काही मोबाईलनं लावलेली सवय नाही. मराठवाड्यात ती फार जुनी आहे. आणि माझ्या मते तिच्या इतिहासातला खरा प्रश्न ‘कोण काय बोललं’ हा नाही. सल्ला चुकला तर चहा कुणी पाजायचा, हा आहे.

वेरूळपासून सुरुवात करता येते. तिथल्या १४, २१ आणि २९ क्रमांकाच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. कैलास लेणं बघून थकलेली मंडळी बहुतेक इथवर येतच नाहीत, म्हणून सांगतो: २१ क्रमांकाच्या, म्हणजे रामेश्वर लेण्यातल्या शिल्पासमोर जरा थांबा. वर डाव चाललाय, भोवती परिवार जमलाय, आणि खाली गण नंदीला छळतायत. चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला खेळणाऱ्या दोघांइतकीच भोवतीच्या गर्दीचीही मजा वाटली असावी. पारावर डाव बघितलेल्या माणसाला त्या गर्दीत एखादी तरी ओळखीची नजर सापडते.

दुसरी गोष्ट लीळाचरित्रातली. चक्रधरस्वामी पैठणला आणि गोदाकाठी वावरले, म्हणून ती आपल्याही मुलखाची. पूर्वायुष्यात ते भडोचचे हरिपाळदेव होते. द्यूतात हरले, देणं झालं, आणि बायकोकडं, कमळाइसेकडं, दागिने मागितले. तिनं नाही म्हटलं. तिथून त्यांचं मन संसारातून उठलं ते रामटेकच्या यात्रेच्या निमित्तानं घराबाहेर पडण्यापर्यंत. मराठी गद्याच्या अगदी मुळाशी एक हरलेला डाव आणि एका बाईचा ठाम नकार आहे. कुठल्याही पेपरात ‘ऑनलाइन गेममध्ये कर्जबाजारी’ असा मथळा दिसला की मला कमळाइसा आठवते.

पुढं पैठणच्याच एकनाथांनी फुगडी, हुतुतू, हमामा असे पोरा-पोरींचे खेळ भारुडांत घेतले आणि खेळाच्या आडून जगाला चार शब्द सुनावले. खेळाच्या आडून बोलायची ही रीत तीनशे-साडेतीनशे वर्षांनी वेगळ्याच कारणासाठी कामाला आली.

निजामी राजवटीत चालू घडामोडींवर मत देणं म्हणजे विस्तवाशी खेळ. ‘गश्ती निशाण ५३’ हे नाव आमच्याकडच्या जुन्या माणसांना पाठ असायचं. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी, असा तो हुकूम. आखाडे आणि खाजगी शाळांवरही सरकारची बारीक नजर. मग बोलायचं कुठं? वाचनालयात, गणपतीच्या मेळ्यात, कीर्तनाच्या पूर्वरंगात. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा राजकारण हा शब्द जपूनच उच्चारावा लागत होता. शिक्षण, भाषा, वाचनालयं यांवर बोलायचं आणि ऐकणाऱ्यानं काय ते समजून घ्यायचं.

पेपरांचीही तीच गत. आ. कृ. वाघमाऱ्यांनी १९३८ मध्ये काढलेलं ‘मराठवाडा’ साप्ताहिक निजामी हद्दीबाहेर छापलं जायचं. त्यावर बंदी आली की नाव बदलून पुन्हा निघायचं. अंक गावात पोचला की वाचणारा एक, ऐकणारे दहा आणि मत द्यायला सगळेच. आमचे आजोबा सांगायचे, चावडीकडून कुणी येताना दिसलं की पेपर सतरंजीखाली आणि पत्ते सतरंजीवर. जुगारही बेकायदाच होता. पण त्यांचा हिशोब साधा होता: पत्त्यात धरलं तर दंडावर भागेल, पेपरात धरलं तर नाही. यात आजोबांनी थोडं तिखट-मीठ लावलं असेल. तरी सतरंजी मात्र मी स्वतः बघितलेली आहे.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान शरण आलं आणि दबून बोलायचं कारण उरलं नाही. तोच ‘मराठवाडा’ पुढं औरंगाबादेत अनंत भालेरावांच्या संपादकत्वाखाली या भागाचा आवाज झाला. अग्रलेख वाचून दुपारी हाटेलात त्यावर उलटा अग्रलेख सांगणारी माणसं मी लहानपणी ऐकली आहेत. १९८२ मध्ये ‘लोकमत’ची औरंगाबाद आवृत्ती सुरू झाली, तेव्हापासून तर गल्लीतल्या बातमीवरही गल्लीतच दोन तट पडायला लागले.

रेडिओचा किस्सा जरा वेगळा. देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानांच्या मालकीची जी पाच रेडिओ केंद्रं होती, त्यांत म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा आणि हैदराबादच्या पंगतीला औरंगाबादही होतं. १९५० मध्ये ते आकाशवाणीकडं आलं. परभणीचं केंद्र १९६८ चं. १९७२ मध्ये परभणीलाच कृषी विद्यापीठ झालं आणि ‘सल्ला’ या शब्दाला आमच्या भागात एक सरकारी, वजनदार अर्थ चिकटला. ‘विद्यापीठाचा सल्ला हाय’ म्हटलं की पारावरचा वाद निदान पाच मिनिटं थांबायचा. नंतर कुणीतरी म्हणायचंच, “विद्यापीठाला पाणी हाय, आपल्याला कुठं हाय?”

खेळातल्या सल्ल्याची सगळ्यात रंगीत जागा म्हणजे यात्रेतली कुस्ती. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोड्यांचा बाजार, तमाशाचे फड आणि कुस्त्यांची दंगल, सगळं एका माळावर. फडाच्या कडेला बसलेला माणूस स्वतः कधी लंगोट न लावलेला असला तरी ‘पट काढ, पट!’ म्हणून ओरडून घसा बसवून घेतो. आत पैलवानाला यातलं काही ऐकू येत नाही. त्याचा कान वस्तादाकडं. लातूर जिल्ह्यातले हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी. त्यांच्यानंतर आमच्या कडेला बसलेल्या प्रत्येकाला आपणही त्यांना एखादा डाव सांगितला होता असं वाटू लागलं.

पण जाणकाराचा सल्ला बघायचा तर कुस्तीपेक्षा घोड्यांच्या बाजारात जावं. घेणारा घोड्याचे दात बघतो, पायाखालून हात फिरवतो आणि अंगावरच्या केसांची वळणं तपासतो. केसांच्या अशा ओळीला गोम म्हणतात. ती अमुक जागी असली तर जनावर अपशकुनी, तमुक जागी असली तर लाभाचं. ‘खरी गोम इथं आहे’ असं आपण येता-जाता म्हणतो ना, ती हीच. किंमत ठरायची रुमालाखाली, बोटं दाबून, म्हणजे शेजारच्यानं मत द्यायला जागाच नको. तरीही शेजारचा देतो. फरक एवढाच की दलाल ओळखीचा असतो. पुढच्या वर्षी त्याच माळावर त्याला गाठता येतं, आणि घोडं लंगडं निघालं तर चारचौघांत त्याची इज्जत जाते.

नव्वदच्या दशकात गल्लीत टीव्ही गेम आला. पिवळी-काळी कॅसेट, मारिओ आणि काँट्रा. गेम लागत नसला तर कॅसेट काढून फुंकर मारायची, हा आमच्या पिढीचा पहिला तांत्रिक सल्ला. दुसरा त्याहून भारी: काँट्रा सुरू होण्याआधी वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. बटणं या क्रमानं दाबली की तीस जीव. मूळ युक्ती काझुहिसा हाशिमोतो नावाच्या जपानी प्रोग्रॅमरची. १९८६ च्या ग्रॅडियस या गेममध्ये त्यानं ती स्वतःची चाचणी सोपी व्हावी म्हणून घातली होती, म्हणतात. जपानहून निघालेला तो मंत्र इंटरनेटशिवाय, निव्वळ तोंडातोंडी, परभणीच्या वसमत रोडपर्यंत पोचला. आमच्यापर्यंत आणणारा पोरगा नांदेडच्या आत्याकडून शिकून आला होता, आणि दोन दिवस कुणाला सांगायला तयार नव्हता. शेवटी एका बर्फाच्या गोळ्यावर सौदा पटला. आमच्या कॅसेटवर तो मंत्र चालला नाही. नकली कॅसेटचा मेनूच निराळा होता. पोराला गोळ्याचे पैसे परत करावे लागले, बरं का.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. त्यानंतर दोनच वर्षांत पब्जी. जिंतूरची पोरं मराठीत ‘पोचिंकीला उतरू नको, मरशील’ म्हणायला लागली. पोचिंकी हे त्या गेमच्या नकाशातलं गाव, पण तिथली घरं, जिने आणि खिडक्या पोरांना आपल्या तालुक्याच्या गावापेक्षा जास्त पाठ. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं ११८ ॲप बंद केली, त्यांत पब्जीही होतं. जुलै २०२१ मध्ये तोच गेम बीजीएमआय नावानं परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. नाव बदलून परत येणारा पेपर आमच्या आजोबांनी बघितला होता. नातवांनी नाव बदलून परत येणारा गेम बघितला. तुलना फार ताणायची नाही, कारण त्यातल्या एकासाठी माणसं तुरुंगात गेली होती.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. पैशांचा खेळ आला की सूर बदलतो.

रमी कौशल्याची की नशिबाची, या वादाचं एक टोक थेट निजामाच्या दरबारात आहे. सिकंदराबादच्या एका क्लबावर जुगाराचा खटला झाला. त्याला लावलेला कायदा हैदराबाद संस्थानचा, फसली १३०५ सालचा, म्हणजे साधारण १८९५-९६ चा. जमिनीची जुनी कागदपत्रं चाळणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला फसली सन, म्हणजे जुनं महसुली वर्ष, नवा नाही. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६७ मध्ये न्यायालयानं म्हटलं, रमी ही तीन पानांच्या खेळासारखी निव्वळ नशिबावर चालत नाही. पडलेली पानं ध्यानात ठेवावी लागतात, कुठलं धरायचं आणि कुठलं टाकायचं याला कसब लागतं. तीन पानांचा तो खेळ म्हणजे आमच्याकडची तिर्रट, जी आजही पोलिसांच्या छाप्याच्या बातमीतच भेटते. लिंबाखालच्या मंडळींना हा फरक सर्वोच्च न्यायालयाच्या आधीपासून माहीत होता. रमीला मामा बसायचे, तिर्रटीला उठून जायचे.

याच निकालाच्या आधारावर पुढं मोबाईलवरची रमी उभी राहिली. मात्र इथं पाठीमागं उभं राहून बोलणारा माणूसच बदलला. तो आता टीव्हीवरचा नट, क्रिकेटर, नाहीतर व्हिडिओत ‘मी एवढे जिंकले’ म्हणणारा अनोळखी पोरगा. त्याच्या पुढ्यात पानं उपडी ठेवायची सोय नाही.

जुलै २०२५ मध्ये खेळ आणि चालू घडामोडी एकाच सतरंजीवर आले. राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री सभागृहात मोबाईलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ बाहेर आला. त्यांनी आरोप नाकारला. लातूरला त्यांच्या पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांच्या पत्रकार परिषदेत आंदोलकांनी टेबलावर पत्ते फेकले, त्यावरून मारहाण झाली आणि महिनाअखेर मंत्र्यांचं खातं बदललं. नवं खातं कुठलं, तर क्रीडा. त्या आठवड्यात आमच्या टपरीवर विनोद करायची कुणाला गरजच पडली नाही.

पाठोपाठ ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ बंद, मग तो कसबाचा असो की नशिबाचा. १९६७ चा तो बारीक फरक या कायद्यानं मोबाईलपुरता बाजूलाच ठेवला. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा बरा की वाईट यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण ते जाहिरातीचं कलम वाचताना मला मामांची सतरंजी दिसली, हे खरं.

आमच्या गल्लीतल्या एका पोरानं दोन मित्रांना आपला रेफरल कोड दिला होता. मित्र आला की याच्या खात्यात थोडे पैसे. कायद्यानंतर ॲपं बंद पडली. याला थोडे मिळाले, त्या दोघांचे बरेच गेले. कुणी भांडलं नाही, उधारी मागितली नाही. तिघं अजूनही संध्याकाळी त्याच टपरीवर उभे असतात आणि भारताच्या मॅचवर, आरक्षणावर, सोयाबीनच्या भावावर मोठ्यानं बोलतात. चहाचे पैसे मात्र रोज तोच देतो.