पार्श्वभूमी : हुशार मुलांचा भाषेचा तास

सोलापुरात चौथी-पाचवीतलं पोरगं जरा चुणचुणीत दिसलं की पाहुण्यारावळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "स्कॉलरशिपला बसवलंय का?" मग जादा तास सुरू होतात, सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे घरात येतात, चुकलेल्या उत्तरांखाली लाल रेघा उमटतात. वाचनात वर्गाच्या पुढे गेलेल्या या मुलाला वेगळं काय वाचायला द्यावं, त्याच्याकडून काय लिहून घ्यावं, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. पालकांना आस्था नाही असं अजिबात नाही. आपल्याकडे हुशार मुलांसाठी जे जे उभं राहिलं, ते बहुतेक निवड करण्यासाठी उभं राहिलं; निवडलेल्या मुलाला भाषेच्या तासाला काय शिकवायचं हा विचार मागाहून आला, तोही थोड्याच ठिकाणी.

मराठी शाळेतलं वाचन ज्या साच्यात बसलं, तो एकोणिसाव्या शतकातला. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं. मेजर थॉमस कँडी यांनी शालेय पुस्तकांची भाषा तपासली, घासूनपुसून एकसारखी केली आणि मराठीत विरामचिन्हं रुळवली. १८५४ साली परशुरामतात्या गोडबोले यांचं ‘नवनीत’ निघालं आणि जुन्या कवींचे वेचे पिढ्यान्‌पिढ्या शाळेत वाचले गेले. पुढे सरकारी शिक्षणखातं आलं आणि एक इयत्ता, एक क्रमिक पुस्तक ही घडी पक्की झाली. ज्या समाजात वाचता येणारेच मूठभर होते, तिथे हे करणं भागच होतं. पण या घडीत पुस्तक जूनमध्येच वाचून संपवणाऱ्या मुलाची सोय नव्हती. त्याला वर्गात एकच मान मिळायचा, उभं राहून कविता घडाघडा म्हणून दाखवण्याचा. हुशारी म्हणजे पाठांतर हे समीकरण तिथलं.

लेखनाची कथा थोडी वेगळी. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि मराठीत निबंधाला प्रतिष्ठा मिळाली. त्या निबंधात वाद होता, बाजू घेणं होतं, समोरच्याला खोडून काढणं होतं. शाळेने त्यातला आकार तेवढा उचलला आणि भांडण वगळलं. उरला तो ‘पावसाळ्यातील एक दिवस’. सुरुवात, मध्य, शेवट, दोन सुभाषितं आणि ‘म्हणूनच म्हणतात’ने सुरू होणारं शेवटचं वाक्य. लिहिण्यात खरोखर पुढे असलेल्या मुलाला हा साचा सगळ्यात जास्त जाचतो, आणि गंमत म्हणजे भरघोस गुण त्याच साच्याला मिळतात.

शाळेतलं पुस्तक पुरत नव्हतं, म्हणून पूरक वाचन शाळेबाहेर वाढलं. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ मासिक काढलं. शाळेच्या आतही थोडा बदल झाला : १९३०च्या दशकात आचार्य अत्र्यांची ‘नवयुग वाचनमाला’ आली. अत्रे स्वतः पुण्यात मुख्याध्यापक होते, मुलं कशाला हसतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि धड्यांची भाषा त्यांनी मुलांच्या तोंडची केली. १९४१ साली सोलापुरात साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष होते वि. स. खांडेकर. तेही शिरोड्याच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवलेले. त्या काळात लेखक आणि मास्तर ही दोन माणसं नव्हतीच म्हणा ना.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. १९५४-५५पासून राज्यात शिष्यवृत्ती परीक्षा सुरू झाली, पुढे चौथी आणि सातवीला. गरिबाघरच्या हुशार मुलाला थोडा आर्थिक हातभार लागावा, हा हेतू चांगलाच होता, आणि गिरणी कामगारांच्या, विणकरांच्या या गावात त्या रकमेपेक्षाही ‘शिष्यवृत्तीधारक’ या शिक्क्याला मोल होतं. पण परीक्षेची आजची रचना बघा. पहिल्या पेपरमध्ये प्रथम भाषेचे २५ प्रश्न ५० गुणांना, गणिताचे ५० प्रश्न १०० गुणांना. दुसऱ्यात तृतीय भाषा, म्हणजे इंग्रजी, आणि बुद्धिमत्ता चाचणी, त्याच हिशेबाने. सगळे प्रश्न बहुपर्यायी. म्हणजे राज्यातली सर्वांत हुशार मुलं शोधण्याच्या परीक्षेत मुलाला स्वतःचं एक वाक्यही लिहावं लागत नाही. लाखो उत्तरपत्रिका तपासायच्या तर दुसरा उपाय नाही, हे मान्य. पण परीक्षेत जे नाही ते तासालाही येत नाही, हा आपल्याकडचा नियमच आहे.

याच सुमारास अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या वाटेने चालला होता. १९२०च्या दशकापासून मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी उच्च बुद्ध्यंकाच्या मुलांचा दीर्घ अभ्यास चालवला होता. १९५७ साली रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, अमेरिकेला धडकी भरली आणि पुढच्याच वर्षी तिथे शिक्षणाला भरघोस पैसा देणारा कायदा झाला. विज्ञान-गणिताकडे ओघ जास्त होता, तरी भाषाही मागे राहिली नाही. शिकागोत १९४७ साली स्थापन झालेल्या ग्रेट बुक्स फाउंडेशनने १९६०च्या दशकात मुलांसाठी वाचनगट सुरू केले. कथा दोनदा वाचायची, मग गोल बसून बोलायचं, आणि ज्याचं एकच बरोबर उत्तर शिक्षकाच्या खिशात नाही असाच प्रश्न शिक्षकाने विचारायचा. पुढे १९७७ साली शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी समृद्धीकरणाचे, म्हणजे हुशार मुलाचं शिक्षण नेहमीच्या पुस्तकापलीकडे नेण्याचे, तीन टप्पे मांडले : आधी नाना विषयांची ओळख, मग विचार करण्याची आणि शोधण्याची कौशल्यं, आणि शेवटी मुलाने स्वतः निवडलेल्या प्रश्नावर खरंखुरं काम. जे मुलाला आधीच येतं ते अभ्यासक्रमातून कमी करून तो वेळ या कामाला द्यायचा, ही त्यातली व्यवहारी बाजू. आपल्याकडे हुशार मुलाला ‘जादा’ काम मिळतं, म्हणजे तेच गणित आणखी वीस वेळा. रेन्झुली म्हणतात ते याच्या उलट आहे.

महाराष्ट्रात या दिशेने पद्धतशीर पाऊल टाकलं ते पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली निवडक विद्यार्थ्यांसाठी शाळेला पूरक असं काम सुरू केलं, १९६९ साली प्रशाला उभी राहिली. प्रकल्प, मुलाखती, क्षेत्रभेटी, अहवाल लिहिणं हे तिथल्या शिक्षणात रुजलं. सोलापुरातही प्रबोधिनीचं केंद्र आहे, शाळा आहे, त्यामुळे हा विचार या गावाला परका नाही. सरकारनेही १९६०च्या दशकात ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी निवासी विद्यानिकेतनं काढली. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर नवोदय विद्यालयं पसरली. सोलापूर जिल्ह्याचं नवोदय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. तिथल्या प्रवेशपरीक्षेत मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न, अंकगणिताचे २० आणि भाषेचे २०, तेही उताऱ्यावरचे बहुपर्यायी प्रश्न. दार पुन्हा तेच. आत गेल्यावर शिक्षण बरंच मोकळं असतं, पण ते आत गेलेल्यांसाठी.

आता हा फरक प्रत्यक्ष तासाला कसा दिसतो ते पाहू. समजा उताऱ्यात एक वाक्य आहे : "आजीने दार उघडले आणि काही न बोलता आत गेली." सराव प्रश्नपत्रिका विचारते, दार कोणी उघडले? पुढे ‘उघडणे’चा विरुद्धार्थी शब्द, आणि उताऱ्याला योग्य शीर्षक निवडा. वाचनात पुढे असलेलं मूल हे तिन्ही प्रश्न मिनिटभरात उडवतं आणि खिडकीबाहेर बघत बसतं. त्याच वाक्यावर समृद्ध तास असा होतो : आजी बोलली का नाही? तुझा अंदाज सांग, पण तो उताऱ्यातल्या कोणत्या शब्दांवरून बांधलास त्यांच्याखाली रेघ मार. शेजारच्याने वेगळा अंदाज केला असेल तर त्याची रेघ बघ. मग दारात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून हाच प्रसंग दहा ओळींत लिही. ‘राग’, ‘दुःख’, ‘वाईट वाटले’ हे शब्द वापरायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच लेखन परत घे आणि दोन ओळी कमी कर. इथे लागतं काय, तर एक उतारा, एक पेन्सिल आणि लेखन दुसऱ्यांदा हातात घेण्याची सवय. ही तिसरी गोष्टच आपल्याकडे दुर्मीळ. मुलांच्या वह्यांमध्ये शिक्षकांचं ‘पाहिले’ आणि तारीख असते, खर्डा नसतो.

सोलापूरचा इतिहास यात आणखी एक पेच घालतो. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली आणि कापडधंदा फोफावला, पण गावाचं बहुभाषिकपण त्याहून फार जुनं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत. पेशवाईच्या उत्तरार्धातला इथला शाहीर राम जोशी एकाच लावणीत अनेक भाषा खेळवायचा. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, कुठे उर्दू. पाठ्यपुस्तकांसाठी १९६७ साली स्थापन झालेली बालभारती आठ माध्यमांतून पुस्तकं काढते, त्यातल्या तेलुगू आणि कन्नड पुस्तकांना सोलापूर जिल्ह्यात खरंच वाचक आहेत.

अशा गावात ‘भाषेत हुशार’ कोणाला म्हणायचं? घरी तेलुगू, गल्लीत हिंदी आणि शाळेत मराठी बोलणारी मुलगी प्रमाण मराठीच्या उताऱ्यात दोन गुण गमावते आणि यादीतून बाहेर जाते. तिला तीन भाषांत विनोद करता येतो, हे मोजणारा प्रश्न पेपरात नसतो. मारुती चितमपल्ली याच गावचे, घरची भाषा तेलुगू, आणि मराठी अरण्यलेखनाचा पाया त्यांनी भक्कम केला. २००६ साली सोलापुरातच भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांना पहिली अडचण आली ती भाषेचीच. पुस्तकं एका भाषेत, मुलं कन्नड बोलणारी. त्यांनी मजकूर मुलांच्या भाषेत आणला, पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. बातम्यांत कोडचं कौतुक जास्त झालं, पण काम आधी भाषेचं होतं.

पूरक वाचनाचा तुटवडा आता तितकासा नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संगणकावर फुकट वाचता येतात. सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी वाचनालयं आहेत. दरवर्षी १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनही होतो, आणि बऱ्याच शाळांत तो हातात पुस्तक धरून फोटो काढण्यापुरता उरतो. नववी-दहावीच्या मराठीत कृतिपत्रिका आली, ‘स्वमत’ आलं, ‘रसग्रहण’ आलं. मुलाला मत असू शकतं हे त्यात मान्य झालं, हे लहान पाऊल नव्हे. मात्र बाजारात स्वमताचीही तयार उत्तरं मिळतात.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष गुण असलेल्या मुलांसाठी शाळेत विषयवार मंडळं असावीत असं म्हटलं आहे, आणि त्यात कविता, भाषा, नाटक आणि वादविवाद यांची नावं स्पष्ट आहेत. दरम्यान शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७पासून पाचवी-आठवीला गेली होती. २०२५मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचं ठरलं. इयत्तेवरून चर्चा भरपूर झाली. भाषेचे प्रश्न बहुपर्यायीच राहिले, आणि सोलापुरातले जादा तास आता एक वर्ष अलीकडे, तिसरीच्या वर्गापासूनच सुरू करायचे का, याचा हिशेब पालक मांडू लागले आहेत.